विशाखापट्टणचे दहा दिवस

(मंडळाच्या सभेत एका सभासद भगिनीने केलेले भाषण. त्यांनी लिहून दिले तसेच येथे छापले आहे.)



मंडळात येऊ लागल्याला मला वीस वर्षे झाली. या वीस वर्षांत सतरंज्या अंथरल्या, चहाची भांडी विसळली, वाणाचे हिशेब लिहिले. पण या टेबलामागे उभे राहून बोलण्याचा प्रसंग आजवर आला नव्हता. विशाखापट्टणला जाऊन आल्यापासून जिन्यात, भाजीबाजारात, गिरणीपाशी जी भेटेल ती विचारते, "काय काय पाहिलंत?" शेवटी चिटणीसबाई म्हणाल्या, "प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळ्यांना सांगून टाका." म्हणून उभी राहिले आहे. व्याख्यान मला येत नाही. घरी ओट्यापाशी सांगते तसेच सांगणार आहे. पुढचे मागे झाले तर सांभाळून घ्यावे.

पण काय पाहिले ते सांगण्याआधी, इतकी वर्षे का पाहिले नाही हे सांगणे भाग आहे. आमचा धाकटा नौदलात आहे, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. आपणांपैकी कितीजणींनी तरी मला विचारले असेल की, मुलगा समुद्रकाठच्या एवढ्या देखण्या गावात, आणि तुम्ही एकदाही कशा गेला नाहीत? मी कधी गुडघ्याचे निमित्त सांगितले, कधी आषाढीचे, कधी ह्यांच्या पथ्याचे. ह्यांचे पथ्य तर पाहा, हे स्वतः दोनदा जाऊन आले आणि दोन्ही वेळा डबे मीच बांधून दिले! खरे कारण रागाचे होते, आणि रागाच्या पोटात भीती होती.

२०१३ साली धाकट्याने पाणबुडीच्या कामासाठी स्वतः होऊन नाव दिले. आम्हांला विचारले नाही, नंतर कळवले. त्याच वर्षी ऑगस्टच्या १४ तारखेला मुंबईच्या गोदीत 'सिंधुरक्षक' पाणबुडीत स्फोट झाला आणि तीवरची १८ माणसे गेली. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिन. समोरच्या शाळेत झेंडावंदन चालले होते आणि मी फोनवर धाकट्याला सांगत होते, "नाव मागे घे." तो म्हणाला, "आई, आता तर मुळीच नाही." मी फोन खाली ठेवला. पुढच्या वर्षी हुदहुद वादळ आले. २०१४ च्या ऑक्टोबरची १२ तारीख, रविवार, दिवाळी दहा-अकरा दिवसांवर. ते वादळ सरळ विशाखापट्टणवरच धडकले. तीन दिवस फोन लागेना. चकलीचे पीठ भिजवलेले तसेच आंबून गेले. चौथ्या दिवशी त्याचा आवाज ऐकला, तेव्हा बरे वाटायचे सोडून मी म्हणाले, "त्या गावात मी पाऊल ठेवणार नाही." तो काही बोलला नाही. पुढे त्याचे लग्न इथेच झाले, नातीचे बारसे इथेच झाले, सुट्टीत तो येत गेला. पण माझा शब्द मी पाळला. अशा शब्दांचा अभिमान फार असतो आपल्याला.

तो मोडला नातीने. एकदा फोनवर विचारू लागली, "आजी, तुझ्या घराच्या समोर कुठला समुद्र आहे?" मी म्हटले, "आमच्या सोलापुरात समुद्र नसतो गं." तर म्हणते, "मग तुम्ही संध्याकाळी जाता कुठं?" आता याला काय उत्तर देणार! त्याच आठवड्यात मी तिकिटे काढायला सांगितली.

सोबतीला शेजारच्या अक्का आल्या. आपल्या मंडळात पद्मशाली भगिनी पुष्कळ आहेत, आणि अक्कांच्या घरची बोली तेलुगू. तेव्हा दुभाषी घरचाच, अशा थाटात आम्ही कोणार्क एक्स्प्रेसने रात्री निघालो. दुसरा दिवस सगळा गाडीत गेला. विजयवाड्यानंतर बाहेर नजर पोचेल तिथवर भाताची खाचरे, मधून ताडाची झाडे. आपल्याकडची काळी, भेगाळलेली रानं पाहिलेल्या डोळ्यांना ते हिरवेपण पुरेसे होईना. विशाखापट्टणच्या स्टेशनाची एक गंमत आहे. गाडी शिरते ती जणू घराच्या परसात शिरल्यासारखी. ओरिसाकडे जायचे तर इंजिन दुसऱ्या टोकाला लावून ती पुन्हा उलटी बाहेर काढावी लागते. आम्ही उतरलो तेव्हा ती खटपट चालली होती. अक्का म्हणाल्या, "बघा, गाडीलासुद्धा इथं यायचं म्हणजे तोंड फिरवावं लागतं." मी ऐकून न ऐकल्यासारखे केले.

अक्कांच्या तेलुगूची मात्र पहिल्याच दिवशी फजिती झाली. रिक्षावाल्याशी त्या ठसक्यात बोलल्या. तो आदबीने ऐकत राहिला आणि मग हिंदीत म्हणाला, "अम्मा, तुम्ही हिंदीतच सांगा." सोलापुरात तीन-चार पिढ्या राहून त्या तेलुगूत निम्मी मराठी मिसळली आहे, हे आम्हांला तिथे जाऊन कळले. पण चार दिवसांत सूनबाईच्या कॉलनीतल्या बायका मुद्दाम अक्कांना बोलते करायला येऊ लागल्या. त्यांना ती बोली फार गोड वाटली म्हणे.

आता गावाचे सांगते. आपण मुंबई पाहिलेली असते, कोणी गणपतीपुळे, कोणी गोवा. आपल्या मनात समुद्र म्हटला की त्यात सूर्य बुडायचा. तिथे सगळे उलट. पूर्वेचा किनारा असल्यामुळे सूर्य समुद्रातून वर येतो. पहिल्या पहाटे सूनबाईने आम्हांला रामकृष्ण बीचवर नेले. जवळच रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे, त्यावरून हे नाव. पहाटेच्या वेळी तिथला किनाऱ्याचा रस्ता गाड्यांना बंद ठेवतात, आणि म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या, शाळेची मुले सगळी रस्त्याच्या मधून चालतात. मोटारीच्या धाकाशिवाय रुंद रस्त्याच्या मधोमध चालायचे सुख मला या वयात प्रथम मिळाले. आधी पाणी नुसते शिशाच्या रंगाचे होते. मग एक तांबडी रेघ दिसली, आणि देवाला ओवाळताना तबक हळूच वर उचलावे तसा सूर्य वर आला. अक्कांनी पदराच्या गाठीतून हळदीकुंकू काढले, लाटेला वाहिले, "गंगम्मा" म्हणून हात जोडले. शेजारी एक कोळीण उभी होती, तिनेही जोडले. मी लांबच उभी राहिले. पाण्याला पाय लावला नाही. नात ओढत होती, तरी नाही.

तिथे पोहायला उतरू नये, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. किनारा दिसतो साधा, पण पाण्याची ओढ फार आहे. सूनबाईने ते आल्याआल्याच बजावले होते.

सकाळी नऊनंतर मात्र ऊन असे लागते की विचारू नका. आपल्या सोलापूरचे ऊन कोरडे. ते भाजते, पण घाम वाळवते. तिथले ऊन चिकट. जानेवारीतही दुपारी पदराने मान पुसत होतो. आणि तरी ते ऊन मला वाईट वाटले नाही. डोंगर अगदी पाण्याला येऊन टेकलेले, त्यांवर घरे, खाली निळे पाणी, आणि सगळ्यांवर ते स्वच्छ ऊन. गावाला नवी नवरी न्हाऊन बसल्यासारखी कळा आहे. मी रागाने गेले होते, पण डोळ्यांनी काही राग धरला नाही.

सिंहाचलमला आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. नरसिंह आमचे कुलदैवत. आम्ही नीरा-नरसिंगपूरला जाणारी माणसे, म्हणून तिथे जाणे आधीच ठरलेले होते. देऊळ डोंगरावर आहे, फार जुने आहे. अकराव्या शतकाच्या अखेरचा शिलालेख तिथे आहे आणि विजयनगरचा कृष्णदेवराय १५१६ साली तिथे येऊन गेला. पण मला नवल वाटले ते मूर्तीचे. वराह-नरसिंहाची ती मूर्ती वर्षभर चंदनाच्या लेपात झाकलेली असते. आपण पाहतो तो नुसता चंदनाचा उभा गोळा. अक्षय्य तृतीयेला एक दिवस लेप उतरवतात, तेव्हाच खरे रूप दिसते. देव उग्र आहे, म्हणून त्याला वर्षभर गार ठेवायचे. अक्का माझ्या कानात म्हणाल्या, "तुमच्या घरी चंदनाचं खोड आहे का हो?" या बाईंना सोबत नेल्याचा तेवढ्यापुरता मला पश्चात्ताप झाला.

आता सोलापूरकर म्हणून अभिमानाची गोष्ट. गावात हिंडताना एका बसवर पाटी पाहिली, 'सिंधिया'. मी धाकट्याला विचारले, "हे ग्वाल्हेरचे शिंदे इथं कुठं आले?" तो हसला आणि म्हणाला, "शिंदे कशाला, आपले वालचंदशेठ आले." मग त्याने सांगितले ते असे. वालचंद हिराचंद आपल्या सोलापुरात १८८२ साली जन्मले. त्यांच्या नावाचे कॉलेज आपल्या गावात आहे, आपली मुले तिथे शिकली, पण ते नाव रोज घेताना हा माणूस कोण याचा विचार मी तरी कधी केला नव्हता. त्यांनी आणि त्यांच्या भागीदारांनी १९१९ साली ग्वाल्हेरच्या महाराजांची 'लॉयल्टी' ही बोट विकत घेतली, आणि तीवरून कंपनीचे नाव सिंदिया पडले. आपल्या देशाची माणसे आणि माल आपल्याच बोटींतून जावा, या हट्टापायी इंग्रज कंपन्यांशी त्यांनी वर्षानुवर्षे टक्कर घेतली. पुढे मनात घेतले की बोटी विकत कशाला, इथेच बांधू. त्यासाठी हे विशाखापट्टण निवडले. १९४१ च्या २१ जूनला राजेंद्रबाबूंच्या हस्ते गोदीची कोनशिला बसली. वर्षही झाले नाही तोच, १९४२ च्या ६ एप्रिलला जपान्यांनी या गावावर बॉम्ब टाकले. माणसे गाव सोडून पळाली. तरी काम पुढे सुरू झाले, आणि १९४८ च्या १४ मार्चला 'जलउषा' ही आठ हजार टनांची बोट पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली. पुढे सरकारने गोदी आपल्याकडे घेतली. आता ती हिंदुस्थान शिपयार्ड. पण आजूबाजूच्या वस्तीला लोक अजून सिंधियाच म्हणतात. जिथे पिण्याच्या पाण्याची वाट पाहावी लागते, त्या आपल्या गावच्या माणसाला समुद्राचे वेड लागावे, हे नवल आहे खरे. गोदी आत जाऊन पाहता येत नाही. आम्ही बाहेरूनच नमस्कार केला.

बंदराच्या तोंडाशी डोंगराचा एक सुळका समुद्रात घुसला आहे. त्याला डॉल्फिन्स नोज म्हणतात, आणि तो खरेच माशाच्या नाकासारखा दिसतो. त्याच्या आडोशाने बंदर सुरक्षित झाले आहे. जवळच्या तीन टेकड्यांपैकी एकीवर व्यंकटेशाचे देऊळ, एकीवर दर्गा, एकीवर माउलीचे चर्च. बोट बंदरात शिरताना खलाशी ज्याचा त्याचा हात जोडत असेल, आणि अडीअडचणीला तिन्हीकडे जोडत असेल, असे मला वाटले.

कैलासगिरीवर पाळण्यातून गेलो. वर शिवपार्वतीच्या पांढऱ्याशुभ्र भव्य मूर्ती आहेत आणि किनाऱ्याचा सगळा बाक वरून दिसतो. पाळणा मधेच लोंबकळत असताना अक्कांनी डोळे मिटून घेतले ते वर गेल्यावरच उघडले. भीमिलीलाही गेलो, तिथे डच व्यापाऱ्यांची जुनी दफनभूमी आहे. त्या वाटेवर थोटलकोंडा ही बौद्ध भिक्षूंची टेकडी मात्र अवश्य पाहावी. दोन हजार वर्षांमागे तिथे विहार होते. खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत, आणि त्या टाक्यांवरूनच टेकडीला नाव पडले. ही जागा विस्मरणात गेली होती. १९७० नंतर नौदलाच्या विमानातून पाहणी करताना ती सापडली. दगडी बसकट जोत्यांवर वारा खात बसलो आणि खाली समुद्र. चार लोक नव्हते तिथे. आराकूची सहल एका दिवसात उरकली. रेल्वे पन्नासाहून अधिक बोगद्यांतून डोंगर चढते, वाटेत बोर्र्याच्या चुनखडीच्या गुहा, वर कॉफीचे मळे. ते सगळे सांगत बसले तर आपला चहा निवेल. खाण्याचे एवढेच सांगते की हिरव्या मुगाचा पेसरट्टू घरी करून पाहावा, आणि माडुगुलचा हलवा आणला आहे तो सभेनंतर सर्वांनी घ्यावा. गव्हाच्या चिकाचा असतो, आपल्या कुरडयांचा चीक असतो ना, तसाच काढतात.

हे सगळे पाहून झाले, तरी एक राहिले होते, आणि ते मी मुद्दाम मागे टाकत होते. बीचवर, रस्त्याच्या कडेलाच, वाळूत एक खरी पाणबुडी ठेवली आहे. 'कुरसुरा' तिचे नाव. येता-जाता ती दिसायची. काळी, लांब, एखादा मोठा मासा किनाऱ्याला येऊन निजावा तशी. मी रिक्षात बसले की पलीकडच्या बाजूला तोंड करीत असे. धाकट्याने एकदाही म्हटले नाही की चल. शेवटी सोमवारी मीच म्हटले, "ती तुझी बोट दाखव एकदा." गेलो, तर सोमवारी बंद! एवढा मनाचा हिय्या करून गेलेली मी, दाराशी कुलूप पाहून परत आले. रात्रभर वाटत राहिले की हा देवाचाच संकेत, जाऊ नये. पण मंगळवारी दुपारी गेलो.

ती सोव्हिएत रशियात बांधलेली. १९६९ च्या १८ डिसेंबरला रिगा बंदरात आपल्या नौदलात आली, १९७१ च्या लढाईत होती, २००१ साली निवृत्त झाली आणि २००२ पासून लोकांना पाहायला ठेवली. लांबी ९१ मीटर, म्हणजे आगगाडीचे चार डबे एकापुढे एक. बाहेरून एवढी, आत मात्र एका माणसाने दुसऱ्याला वाट द्यायची तर भिंतीला चिकटून उभे राहावे. दाखवणारे गृहस्थ स्वतः नौदलातून निवृत्त झालेले होते. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला दार नाही. लोखंडी भिंतीत गोल भोक. एक पाय आधी घालायचा, मग डोके वाकवायचे, मग दुसरा पाय. माझे गुडघे आपण जाणताच. एका भोकात मी अशी अडकले की पुढून त्या गृहस्थांनी हात धरला आणि मागून अक्कांनी ढकलले. नंतर अक्कांचे लुगडे अडकले. आमच्या मागे शाळेची मुले उभी होती, ती फार सभ्यपणे हसली.

पुढच्या खोलीत पाणतीर ठेवलेले. आपण ज्याला टॉर्पेडो म्हणतो ते. आणि त्यांच्या अंगाला लागून माणसांचे बिछाने. बाळंतिणीच्या बाजेशेजारी पाळणा असतो ना, तेवढ्या अंतरावर. मी त्या गृहस्थांना विचारले, "इथं किती माणसं राहत?" म्हणाले, "पंचाहत्तर." मी विचारले, "आणि स्वयंपाक?" तेव्हा त्यांनी स्वयंपाकघर दाखवले. भगिनींनो, आपल्या घरचे देवघर असते तेवढी जागा! आपण वर्धापनदिनाला शंभर पानांचा स्वयंपाक करतो, तर बारा जणी, तीन शेगड्या आणि मागचे अंगण अपुरे पडते. तिथे त्या फडताळात पंचाहत्तर माणसांचे दोन्ही वेळचे. ताजी भाजी पहिले काही दिवस, मग डबाबंद. पाणी मोजून, अंघोळीची तर चैनच. वर डिझेलचा वास, खाली बॅटऱ्या, आणि दिवस-रात्र कळायला खिडकी नाही.

मी मागे वळून पाहिले. धाकटा गोल भोकाच्या कडेला हात ठेवून उभा होता. आपल्या घराच्या उंबऱ्याशी उभा राहावा तसा. डोके किती वाकवायचे ते त्याच्या मानेला ठाऊक होते. त्याला पाहावे लागत नव्हते. मी विचारले, "तुझी जागा कुठं असते?" म्हणाला, "आई, ते सांगायचं नसतं." "भीती वाटत नाही?" थोडा वेळ गेला. मग म्हणाला, "वाटते की. म्हणून तर प्रत्येकाला सगळ्या बोटीचं काम शिकावं लागतं, नुसतं आपल्यापुरतं नाही. कुठला नळ कुठं बंद होतो, ते अंधारात हातानं सापडलं पाहिजे. परीक्षा होते, मगच छातीवर डॉल्फिनचं पदक मिळतं." ते पदक मिळाले तेव्हाचा फोटो त्याने घरी पाठवला होता. मी तो पाकिटातून काढलासुद्धा नव्हता. कपाटात, साड्यांच्या खाली. हे मी त्याला तिथे सांगितले नाही. आज आपल्यापुढे प्रथमच सांगते आहे.

बाहेर आले तर ऊन, वारा, भेळवाले, फुगेवाले. आतून बाहेर येणाऱ्याला ते ऊन कसे लागत असेल, ते मला तेव्हा कळले.

समोरच लढाईचे स्मारक आहे. १९७१ च्या डिसेंबरात, ३ आणि ४ तारखेच्या मधल्या रात्री, पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी याच बंदराच्या बाहेर बुडाली. तीत नव्वदाहून अधिक माणसे होती. एकही वाचला नाही. लोक स्मारकापाशी उभे राहून फोटो काढत होते, आणि काढावेत. आपला विजय होता तो. पण मी नुकतीच आतले बिछाने पाहून आले होते. त्या नव्वद जणांच्या आयांनाही किती दिवस फोनची नाही तर पत्राची वाट पाहावी लागली असेल, हा विचार मनात आला तो अजून गेलेला नाही. कुणाला तो गैर वाटला तर क्षमा करावी.

त्या संध्याकाळी मी पाण्यात पाय घातले. नात म्हणाली, "आजी, थंड आहे ना?" थंड नव्हते. कोमट होते.

रात्री जेवताना मी धाकट्याला विचारले, "मी दर वेळी देते ती शेंगाचटणी तुला महिनाभर पुरते ना?" तर तो सूनबाईकडे पाहून हसला. ती म्हणाली, "आई, ती दुसऱ्या दिवशीच संपते. चमचा चमचा वाटतात." म्हणजे मी रागाने, तुझ्यापुरती घे म्हणून, एवढासा डबा भरून देत होते, आणि तिकडे तो पुरवून पुरवून सगळी खात होते. मी विचारले, "किती जण असता रे?" म्हणाला, "'कुरसुरा'वर होती तेवढी नसतात." "मग किती?" तर पुन्हा हसला. ते सांगायचे नसते. मी पंचाहत्तरच धरून चालले आहे.

तेव्हा भगिनींनो, एक विनंती आहे. सूनबाई पुढच्या पंधरवड्यात माहेरी येते आहे, जाताना डबे घेऊन जाईल. दहा किलो शेंगा फोडून दाणे तयार ठेवले आहेत, ते भाजायचे आहेत आणि लसूण सोलायचा आहे. ज्यांच्याकडे दगडी उखळ आहे त्यांनी चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. मिक्सरची चटणी मला चालणार नाही. गुरुवारी दुपारी दोनला इथेच जमू. आणि तिखट बेताने घालायचे आहे, हे आधीच सांगून ठेवते. तिथे पाणी मोजून असते.